चाक जमिनीवर हवं

ताम्हिणी घाटाच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो होतो. शेजारी एक काळी हॅचबॅक येऊन लागली. स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, रिम मोठी, टायरची भिंत जेमतेम दोन बोटं. उतरला तो मुलगा विशी-बाविशीचा असेल. बोलायला गोड आणि गाडीवर जीव असलेला. ज्या हलक्या हातानं त्यानं दार लावलं त्यावरूनच ते कळलं. माझी जुनी बलेनो बघून त्यानं आपणहून चौकशी सुरू केली. इंजिनाचं काम कधी काढलं, पार्ट मिळतात का, घाटात कशी ओढते. बोलता बोलता माझ्या मित्रानं सांगून टाकलं, की यानं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉकअप, रॅलीच्या शर्यतीतल्या गाडीच्या धर्तीवर करून घेतलंय. मुलाचे डोळे चमकले. तो पुढं आला, उजव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, दोन्ही तळहात टेकवून त्यानं अंगाचा भार टाकला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. त्यानं पुन्हा दाबून बघितलं. मग जरा संकोचानंच म्हणाला, "काका, ही तर मऊच आहे. आणि खाली पण नाही केली?"

चालवून बघतोस का म्हणून मी विचारलं, पण त्याच्या बरोबरची मंडळी निघायच्या घाईत होती. टपरीच्या पुढच्याच गतिरोधकावर त्यानं गाडी तिरकी घातली, अगदी पहिल्या गिअरात, तरी खालून खर्रकन आवाज आला. मला तो आवाज स्वतःच्या अंगाला लागल्यासारखा झाला. पुढं पूर्ण घाटभर त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. त्यानं जी परीक्षा घेतली तीच परीक्षा प्रत्येक मिस्त्री घेतो, गेली कित्येक वर्षं घेत आलाय. आणि त्यानं काढलेला निष्कर्ष आपला सगळा बाजार शिकवतो: जी गाडी कडक ती जोरकस, जी खाली ती रस्ता धरणारी. गुळगुळीत ट्रॅकवर हे खरंही आहे. तिथं डांबरात घडी नसते, वेगात हवा गाडीला खाली दाबत असते, म्हणून स्प्रिंग कडक लागते आणि चाकाला फार हलावं लागत नाही. पण रॅली ज्या रस्त्यावर होते तो तसा नसतो. आणि मी ज्या रस्त्यावर रोज जातो तोही नाही.

रॅलीची गाडी पहिल्यांदा जवळून पाहिली ती नाशिकला. महाराष्ट्र रॅली असली, की आम्ही कॉलेजची पोरं पहाटेच मोटरसायकली काढून शहराबाहेरच्या माळावर जाऊन बसायचो. बांधावर दव असायचं, गावातली माणसं घोंगड्या पांघरून आलेली असायची, कुणीतरी शेंगा भाजायला घ्यायचं. आधी आवाज यायचा, लांबून, मध्येच टेकडीआड बुजणारा. मग धूळ दिसायची. मग एकदम गाडी. बहुतेक सगळे जण गाडीकडे बघायचे, मी चाकाकडे बघायला लागलो. चढावरून एक मारुती एस्टीम वर आली आणि चारही चाकांनी जमीन सोडली. त्या क्षणी चाकं कमानीतून बाहेर, खाली, विश्वास बसणार नाही इतकी खाली आली, जणू काही जमीन शोधायला निघाली होती. टायर टेकला, कमानीनं तो पुरता गिळला, बॉडी एकदा खाली बसली आणि तिथंच राहिली. दुसरी उसळी नाही. ड्रायव्हरनं लगेच पुढच्या वळणासाठी गाडी आडवी टाकली आणि चाकांनी ती ऐकली. खड्यांचा मारा आमच्या पायांपर्यंत आला.

ते उतरणं मला अजून दिसतं.

त्याच माळावर जिप्स्याही धावायच्या, आणि त्यांचं मला जास्त नवल वाटायचं. जिप्सीला पुढं-मागं दोन्ही चाकं जोडणारा अखंड आस आणि पाटे, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे. म्हणजे बैलगाडीच्या जमान्यापासून चालत आलेली रचना. तरी हरी सिंगसारख्या ड्रायव्हरनं त्याच गाडीवर राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पाट्यांशी माझी ओळख त्याहून जुनी, एसटीच्या मागच्या बाकावरची. आजोळी जाताना मागचा बाक मिळाला, की खड्ड्यागणिक डोकं टपाला लागायचं आणि आई खांदा दाबून धरायची. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यातच थोडी ऊर्जा मरते, म्हणून जुन्या गाड्या नुसत्या पाट्यांवर कशाबशा चालायच्या. गोल स्प्रिंगेला तेही नाही. दाबलेली स्प्रिंग सगळं परत देते. तिनं परत दिलेलं गिळायला शॉकअप लागतो. ऑफिसच्या दाराला लावलेलं ते तेलाचं क्लोजर दार आपटू देत नाही, तोच धर्म शॉकअपचा. शॉकअप हादरे शोषतो असं आपण सर्रास म्हणतो. पण हादरा झेलते ती स्प्रिंग. झेलल्यानंतरची तिची उचंबळ आवरतो तो शॉकअप. ही कामाची वाटणी एकदा पक्की समजली, की गाडीत काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते बरंचसं आपोआप सुटतं.

स्प्रिंगेचं गणित मी एका रविवारी वहीत मांडून बघितलं आणि त्यानंतर कडक स्प्रिंगांचं आकर्षण कायमचं गेलं. माझ्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेक वगैरे वगळून, स्प्रिंगेवर साधारण २७० किलो भार येतो. स्प्रिंग मिलिमीटरला १.८ किलोची असेल, म्हणजे एक मिलिमीटर दबायला तिला तेवढा भार लागत असेल, तर गाडी नुसती उभी असताना ती १५० मिलिमीटर दबते. मिलिमीटरला ४ किलोची घातली, तर जेमतेम ६७ मिलिमीटर. आता चाक खड्ड्यावरून जातंय असं धरा. खाली जायला चाकाकडे आहे किती? स्प्रिंग जेवढी दबलेली आहे तेवढंच, कारण तेवढं खाली गेल्यावर ती मोकळी होते आणि ढकलायला जोर उरत नाही. म्हणजे कडक स्प्रिंगेच्या गाडीचं चाक सात सेंटिमीटरच्या खड्ड्यात तळाला पोचतच नाही. ते हवेत तरंगतं आणि पलीकडच्या काठावर आदळतं. तेवढ्या क्षणापुरता त्या चाकाला ना ब्रेक असतो ना स्टिअरिंग. खड्ड्यात आपल्याला जो दणका बसतो, तो पुष्कळदा खड्ड्याचा नसतोच, समोरच्या काठाचा असतो. मातीवरच्या रॅलीच्या गाडीला चाकाची एकूण हालचाल पाव मीटरच्या आसपास देतात, आणि त्यातला चांगला मोठा वाटा खाली जाण्यासाठी राखून ठेवतात, तो यासाठी. मी शेवटी मिलिमीटरला अडीच किलोच्या स्प्रिंगा घेतल्या. मूळच्यापेक्षा अंमळ कडक, पण उभ्या गाडीत दहा-अकरा सेंटिमीटर दबणाऱ्या.

उंची मूळच्या आसपासच ठेवली. इथं माझं मत जरा ठाम आहे. स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत घालायचे ते रबरी बूस्टर आपल्याकडे फार खपतात, कारण मागं तीन माणसं बसली की गाडी गतिरोधकाला घासते आणि कुणालाही ते ऐकवत नाही. पण बूस्टर दोन वेटोळी जखडून टाकतो. उरलेल्या वेटोळ्यांवर सगळा ताण, स्प्रिंग कडक आणि शॉकअप मात्र तोच, मऊ स्प्रिंगेसाठी भरलेला. उंची वाढवायची तर त्याला दुसरीही किंमत आहे. चाकाला खालून धरणारे लोअर आर्म तिरके होतात, वळणात गाडी वेगळी कलते, चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरत राहतात. माझ्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाकं पूर्ण लोंबती सोडली आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मला खाली वाकून बघायला लावलं. ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, ताणला जातोय का? सांधा कुठं अडकतोय का? रॅलीवाले आधी लांब होज घालतात आणि मगच चाकाला जास्त खाली जाऊ देतात. एवढ्याशा रबरी नळीवर सगळं अडतं, हे बघून मला फार बरं वाटलं. गाडीत कुठलीच गोष्ट एकटी नसते.

शॉकअपचं काम भोसरीच्या एका शेडमध्ये झालं. मिस्त्री साठीकडे झुकलेले, पूर्वी रॅलीच्या सर्व्हिस टीममध्ये काम केलेले, नखांत कायमचं काळं. त्यांनी शॉकअप व्हाइसमध्ये धरला, वरचं सील काढलं आणि दांडा हळूच वर ओढला. जुनं तेल बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं आणि जळका वास असलेलं. दांड्याच्या टोकाला पिस्टन, आणि पिस्टनच्या दोन्ही अंगांना पातळ पोलादी चकत्यांची चळत. मिस्त्रींनी त्यातली एक माझ्या तळहातावर ठेवली. मायक्रोमीटरवर ०.१५ मिलिमीटर भरली. फुंकर मारली तर सरकेल अशी. पिस्टन तेलातून जाताना तेल या चकत्यांना वाकवून वाट काढतं. चकत्या किती, केवढ्या व्यासाच्या, कशावर कोण, यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. एका बाजूच्या चकत्या चाक वर येताना वाकतात, दुसऱ्या बाजूच्या खाली जाताना. मिस्त्रींनी एक मोठी चकती काढून तिच्या जागी दोन लहान ठेवल्या, बोटानं चळत दाबून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, हातानं दाबून कळतं ते अर्धंच. बाकीचं खड्डा सांगतो."

ताम्हिणीच्या टपरीवर मला हेच वाक्य आठवत होतं. हातानं फेंडर दाबला, की पिस्टन अगदी सावकाश सरकतो. सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर धरा. त्या सावकाश हालचालीवर गाडीचं कलणं, ब्रेकला नाक टेकणं, वळणातला झोका अवलंबून. पण खड्ड्याचा काठ किंवा मोरीचा उंचवटा आला, की तोच पिस्टन सेकंदाला मीटर-दीड मीटरनं, कधी त्याहूनही जोरात पळतो. चांगला शॉकअप या दोन वेळी दोन वेगळ्या तऱ्हेनं वागतो. सावकाश हालचालीला घट्ट धरतो, म्हणून वळणात गाडी ढेपाळत नाही. जोराच्या हालचालीला चकत्या भरभर उघडतात आणि चाकाला वर यायला वाट देतात, म्हणून दणका कण्यापर्यंत पोचत नाही. मुलानं दोनदा दाबलं आणि दोन्ही वेळा गाडी एकाच खेपेत थांबली, हे त्यानं पाहिलंच असणार. स्प्रिंग मऊ होती, तिला आवरणारा हात मऊ नव्हता. त्याच्या गाडीत नेमकं उलटं होतं: कापलेली, कडक झालेली स्प्रिंग आणि तिला आवरायला मूळचा बापडा शॉकअप, तोही अर्धा दबलेल्या जागी काम करणारा.

आत तेल आणि वायू यांची वस्ती कशी आहे, हाही मोठा भाग. साध्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात आणि वर हवा. खराब रस्त्यावर तासभर पळवला, की तेल तापतं, त्यात हवा मिसळते, फेस होतो आणि फेसाला चकत्या वाकवता येत नाहीत. गाडी होडीसारखी डुलायला लागते ती तेव्हा. फ्रेंच इंजिनिअर द कार्बाँ यांनी एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन ठेवला, आणि जर्मनीच्या बिल्स्टाइननं १९५०च्या दशकात ती कल्पना कारखान्यातून बाहेर आणली. रॅलीच्या शॉकअपचं घराणं तिथून चालू होतं. पुढं त्यांनी आणि इतरांनी स्ट्रट, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा शॉकअपचा खांब, उलटा बसवला. मॅकफर्सन स्ट्रट या नेहमीच्या रचनेत चाकाचा आडवा जोर थेट शॉकअपवर येतो. वीस-बावीस मिलिमीटरच्या दांड्यानं तो पेलायचा, की त्याच्या दुप्पट जाडीच्या नळीनं? नळीनं पेललेला बरा, म्हणून नळी वर आणि दांडा खाली. स्वीडनचं ओलिन्स, हॉलंडचं रायगर, ही नावं आपल्याकडच्या रॅलीच्या पोरांच्या तोंडी असतात. तशा संचाची किंमत माझ्या गाडीच्या किमतीला लाजवेल अशी, त्यामुळे माझ्याकडे आहेत ते मिस्त्रींनी भरलेले एका नळीचे शॉकअप, वर एक फिरकी, टिकटिक करत घट्ट-सैल होणारी. ही फिरकी मुख्यतः चाक खाली जाण्याच्या चालीवर काम करते.

आणि मला वाटतं, आपल्या रस्त्यांचं सगळं मर्म त्या चालीत आहे. साध्या गाड्यांमध्ये चाक खाली जाताना शॉकअप वर येतानाच्या दुप्पट-तिप्पट अडवतो. सपाट रस्त्यावर त्यानं गाडी शांत राहते. पण पानशेतकडे जाताना मधे एक पट्टा आहे, मुरमाचा, पाण्याच्या टँकरांनी पन्हाळी पत्र्यासारखा केलेला. तिथं एका उंचवट्यानंतर दुसरा इतका चटकन येतो, की खाली जाताना फार अडवलेलं चाक पूर्ण उतरायच्या आतच पुन्हा वर ढकललं जातं. दर खेपेला थोडं थोडं कमी उतरतं. गाडी आपोआप खाली बसत जाते, शेवटी रबरी स्टॉपरवर येऊन ठेपते आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. माणसाला वाटतं स्प्रिंग मऊ पडली, कडक घालावी. प्रत्यक्षात चाकाला खाली यायला सवड हवी असते. मी त्या पट्ट्यावर सकाळी लवकर जायचो, फिरकी थोडी सैल करायची, तोच वेग ठेवून पुन्हा जायचं. एका ठिकाणी बदल असा झाला की तो कानांना आधी कळला. खालचा खडखड आवाज एकसंध झाला, त्याला एक बारीक सूर आला, आणि आरशातलं मागचं दृश्य हलायचं थांबलं. अजून सैल केली तर सूर राहिला, पण पुढच्या वळणावर नाक उगीच वर-खाली झालं. मग पुन्हा जरा घट्ट.

दांड्यावर मिस्त्रींनी प्लास्टिकची एक बारीक टाय बांधून ठेवली होती. शॉकअप दबला की ती वर सरकते आणि तिथंच राहते; फेरी मारून आलं, वाकून बघितलं, की चाक जास्तीत जास्त कुठवर आलं होतं ते कळतं. गुडघे मातीत टेकवून, मोबाइलच्या उजेडात ती टाय बघण्यात मला मिळालेलं सुख मी कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही. टाय रोजच स्टॉपरला जाऊन भिडत असेल तर काहीतरी कमी पडतंय; कधीच जवळ जात नसेल तर दिलेली हालचाल वाया चाललीय. सगळ्यात मोठ्या दणक्याला ती स्टॉपरमध्ये थोडी रुतावी. स्टॉपर म्हणजे नुसता शेवटचा अडसर असं मी समजत नाही. फोमसारखा तो पिवळसर रबरी तुकडा दबत जाईल तसा कडक होत जातो, म्हणजे तीही एक स्प्रिंगच. जागतिक रॅलीच्या गाड्यांत त्याच्या जागी तेलाचा स्टॉपर असतो. २००३ साली फिनलंडच्या ओउनिनपोह्या टप्प्यावर मार्को मार्टिननं फोर्ड फोकस ५७ मीटर उडवली, तेव्हा ती उतरताना सगळा भार शेवटच्या काही सेंटिमीटरांवर आला असणार. ते काही सेंटिमीटर कुणीतरी शांतपणे बसून आखले होते, याचंच मला अप्रूप.

रॅलीतला माझा जीव मात्र फिनलंडपेक्षा केनियाच्या सफारीत जास्त अडकतो. १९५३पासूनची ही रॅली. १९६५ साली जोगिंदर सिंग यांनी ती एका व्होल्व्होतून जिंकली, मग १९७४ आणि १९७६ साली मित्सुबिशी लान्सरमधून. शेखर मेहतांनी पाच वेळा जिंकली. जुन्या सफारीत वेगाइतकंच गाडी शेवटपर्यंत शाबूत आणण्याला मोल होतं, आणि त्यासाठी रस्ता जसा आहे तसा मान्य करावा लागे. चिखल, दगड, मध्येच नदी. तिथल्या गाड्या उंच, लांब हालचालीच्या. त्याच गाडीला माँटे कार्लो रॅलीच्या डांबरावर नेताना खाली बसवायचं, कडक करायचं. गाडी तीच, रस्ता बघून तिची चाल वेगळी. माझं गाव तर दोन्हींच्या मधलं आहे. घाटात गुळगुळीत डांबर, पुढच्याच मोरीवर उंचवटा, मग साइडपट्टी तुटलेली, मग गावाची कमान आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरनं सुखानं ओलांडता यावा असा. आपल्याकडे उंची पाळली जाते, रुंदी एका फावड्याएवढी असते.

खर्चाचं विचाराल तर माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी मागेपुढे न बघता सांगतो. आधी सगळे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि वरची माउंटिंगं नवी, मूळ रबराचीच. रॅलीच्या गाडीत रबराच्या जागी धातूचे गोल सांधे असतात; ते नेमके असतात, पण प्रत्येक खड्याचा आवाज कानात ओततात आणि धुळीत लवकर खुळखुळतात. मग टायर, जाड भिंतीचे, कारण टायर हीच पहिली स्प्रिंग. मग शॉकअप. स्प्रिंग सगळ्यात शेवटी. त्यानंतर अलाइनमेंट, पुढं कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे एक अंशाच्या आसपास आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, जवळजवळ शून्य. कागदपत्रांचंही भान हवं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. उंची, रुंदी, सांगाडा यांना मी हात लावला नाही त्यामागं हेही एक कारण. विमा कंपनीला लेखी कळवलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट मला बोचते, आणि ती सस्पेन्शन जितकं जमत गेलं तितकी जास्त बोचायला लागली. परवा आईला घेऊन कोकणात गेलो. मागच्या सीटवर ती चक्क झोपली. पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत कधी डोळा न लागणारी बाई माणगावच्या पुढं जागी झाली आणि म्हणाली, "रस्ता चांगला केलाय रे यांनी." रस्ता तोच होता. मला आनंद झाला, खूपच झाला, आणि त्याच वेळी शेजारून एक जोडपं स्कूटरवरून चाललेलं दिसलं. मधे लहान मूल, बाईचा एक हात मुलाच्या डोक्यावर, आणि प्रत्येक खड्ड्याला तिघंही एकदम वर उडत होती. आमच्या गाडीत त्या रस्त्याची तक्रारच पोचत नव्हती. ज्याच्या अंगाला खड्डा लागत नाही तो खड्ड्यावर किती दिवस चिडलेला राहील? मी रॅलीची विद्या घेतली ती रस्त्याशी जुळवून घेण्यासाठी, आणि जुळवून घेणं जमलं की भांडायची धार कमी होते, हे मला मान्य करावं लागतं. म्हणून आता खड्डा दिसला, की थांबून फोटो काढतो आणि ग्रामपंचायतीला नाहीतर बांधकाम खात्याला पाठवतो.

तो काळ्या हॅचबॅकवाला मुलगा पुन्हा भेटला तर त्याला मी भोसरीला घेऊन जाईन. त्याच्या आवडीत काही कमी नाही. गाडी खाली बसलेली छान दिसते हेही मला दिसतं. मी काही आंधळा नाही. पण ती चकती एकदा तळहातावर ठेवून बघितली, तर पैसे कुठं घालायचे ते त्याचं त्यालाच कळेल असं वाटतं. कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळच्या घातल्या, शॉकअप नीट भरून घेतले, टायरची भिंत थोडी वाढवली, तर त्याची गाडी त्याच घाटात वेगळीच धावेल.

माझ्या गाडीचं मागचं काम मात्र अजून सुटलेलं नाही. गणपतीला कोकणात जाताना मागं माणसं आणि डिकीत सामान असं दीडशे किलो सहज चढतं, म्हणजे दर बाजूला पंचाहत्तर. मिलिमीटरला २.२ किलोच्या स्प्रिंगेवर गाडी मागून साडेतीन सेंटिमीटर बसते आणि तेवढी वरची हालचाल निघण्याआधीच खर्ची पडते. एरवी मी एकटाच असतो, आणि तेव्हा मागचं टोक हवं तसं आहे. मिस्त्रींचं म्हणणं, थोडा लांब आणि मऊ स्टॉपर घालू, भार आला की तोच आधार देईल. माझा कल दबत जाईल तशी कडक होणाऱ्या स्प्रिंगेकडे आहे, पण तशी स्प्रिंग घातली की शॉकअप नेमका कुठल्या कडकपणासाठी भरायचा, यावर त्यांच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. पुढच्या महिन्यात डिकीत सिमेंटची तीन पोती टाकून पानशेतच्या त्या पट्ट्यावर दोन्ही करून बघायचं ठरलंय. टँकर दुपारी सुरू होतात, म्हणून सकाळी सहालाच निघायचं.